मुक्ता : मोतीही आणि मोकळीही



वारकऱ्याला नामाचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत आपण नामाच्याच आधाराने चालतो. पण ज्या नावाने आपल्या घरातली माणसे आपल्याला हाक मारतात, त्या नावाकडे आपले फारसे लक्ष नसते. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात काहीतरी सांगते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, घुगऱ्या वाटल्या जातात आणि ते नाव जन्मभर चिकटते. पाळण्याच्या खालून-वरून बाळ देता-घेताना मुलगी असली तरी आपण गोविंद आणि गोपाळच म्हणतो. म्हणजे तिचे पहिले नाव देवाचे असते. तिचे स्वतःचे नाव त्यानंतर येते. त्या दुसऱ्या नावाचा विचार आपण कधी करतो का?

आज एका नावाचे चिंतन मांडावे असे मनात आहे. नाव आपल्या घरचेच आहे. मुक्ता. आपण प्रेमाने मुक्ताई म्हणतो, पोथीत मुक्ताबाई येते, तापीकाठी आदिशक्ती मुक्ताबाई म्हणतात. हे नाव कुठून आले, त्याचा अर्थ काय, सातशे वर्षांत ते कोणाकोणाच्या वाट्याला आले आणि त्यांनी त्याचे काय केले, हे क्रमाने पाहू.

शब्दाचे माहेर

संस्कृतात ‘मुच्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ सोडणे, सुटणे. मोक्ष, मोचन, विमोचन, मुमुक्षू ही सगळी त्याचीच लेकरे. या धातूला ‘क्त’ प्रत्यय लागला की ‘मुक्त’ होते, म्हणजे सुटलेला. त्याचे स्त्रीलिंगी रूप मुक्ता, म्हणजे सुटलेली.

पण याच शब्दाला दुसराही अर्थ आहे, तो म्हणजे मोती. अमरकोशात मोत्यासाठी हा शब्द दिलेला आहे. शिंपल्यातून सुटतो म्हणून मुक्ता, अशी फोड जुने पंडित करत. काही भाषाभ्यासक दक्षिणेकडे बोट दाखवतात. तमिळमध्ये मोत्याला ‘मुत्तु’ म्हणतात. हिंदुस्थानातले नावाजलेले मोती पांड्य देशाच्या समुद्रातले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांच्या जाती सांगताना ताम्रपर्णी आणि पांड्य देश हेच आधी येतात. तेव्हा मोत्याबरोबर त्याचे नावही दक्षिणेतून वर आले आणि संस्कृत पंडितांनी त्याला ‘मुच्’ धातूचे गोत्र दिले, असे या अभ्यासकांचे म्हणणे. आपण दोन्ही मते ऐकून ठेवावीत. मद्रास प्रांताच्या कायदेमंडळात १९२७ साली बसलेल्या डॉक्टर मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावातला ‘मुत्तु’ तो हाच मोती.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांची आठ जन्मस्थाने सांगितली आहेत : हत्ती, साप, शिंपला, शंख, मेघ, वेळू, मासा आणि डुक्कर. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही समजूत तर आपल्या आजीच्या तोंडीही होती. कीर्तनात हा दृष्टान्त मी शेकडो वेळा दिला आहे. पाणी तेच, सापाच्या तोंडात पडले तर विष, शिंपल्यात पडले तर मोती. संगतीचा महिमा सांगायला हा दृष्टान्त फार उपयोगी.

आता मराठीत या. ‘मौक्तिक’ या शब्दाचे प्राकृतात ‘मोत्तिअ’ झाले आणि मराठीत मोती झाला. आणि ‘मुक्त’ या शब्दाचे प्राकृतात ‘मुक्क’ झाले, त्याला प्रत्यय लागून ‘मुक्कल’ झाले आणि मराठीत मोकळा, मोकळी झाली. म्हणजे आपल्या घरात रोज बोलले जाणारे दोन शब्द, मोती आणि मोकळी, हे दोन्ही मुक्ता या एकाच नावाच्या पोटात आहेत. या दोन अर्थांची ही गाठ वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचे सगळे चिंतन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

सर्वांत जुनी मुक्ता

आपण मुक्ता म्हटले की आळंदीची मुक्ताई आठवते. पण तिच्याही आधी हे नाव घेऊन एक साध्वी होऊन गेली. पाली भाषेत ‘थेरीगाथा’ नावाचा ग्रंथ आहे. बुद्धाच्या संघातल्या भिक्षुणींची वचने त्यात आहेत आणि तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्यात एक भिक्षुणी आहे मुत्ता. संस्कृतात सांगायचे तर मुक्ता. तिची गाथा अगदी छोटी आहे. मी तीन वाकड्या गोष्टींतून सुटले, असे ती सांगते. उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा हे ते तीन वाकडे! आणि त्याच दमात ती म्हणते की मी जन्ममरणातूनही सुटले.

हे ऐकून कोणी हसेल. हसावेही. पण ज्या बाईने पहाटे चार पायल्या धान्य कांडले आहे तिला यातले दुःख कळेल. आपल्या जनाबाईच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसला, म्हणून जनाईचे दळण हेच भजन झाले. मुत्ता उखळ सोडून निघाली. मार्ग दोन, पण उखळ आणि जाते यांचे ओझे दोघींनाही माहीत होते. आपल्या नावाचा अर्थ तिने स्वतःला लावून घेतला, हे मला मोठे वाटते. नाव आईबापांनी ठेवले असेल मोती म्हणून. तिने त्याचा दुसरा अर्थ काढला आणि तो जगली.

चार भावंडे, एक वाट

आता आपल्या घरी येऊ. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना चार मुले झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. प्रचलित परंपरेप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५, ज्ञानदेवांचा ११९७, सोपानदेवांचा ११९९ आणि मुक्ताबाईचा शके १२०१, म्हणजे इसवी सन १२७९. दर दोन वर्षांनी एक.

ही नावे ओळीने म्हणून पाहा. आधी निवृत्ती, म्हणजे विषयांकडून परत फिरणे. मग ज्ञान. मग सोपान, म्हणजे पायरी. आणि शेवटी मुक्ता. आमचे गुरुजी सांगत, की ही भावंडांची नावे नव्हेत, हा साधनेचा क्रम आहे. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या बापाने ही नावे ठेवली, हे ध्यानात घ्या. ज्याला गावात कोणी पाणी देत नव्हते त्याने लेकीचे नाव मुक्ता ठेवले. ज्याच्या गळ्याभोवती चहूबाजूंनी फास होता त्याने ‘सुटलेली’ हा शब्द पाळण्यात उच्चारला. विठ्ठलपंतांच्या मनात त्या दिवशी काय असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. नाव ठेवणे ही आईबापांची पहिली प्रार्थना असते. बापाजवळ देण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. शेत नाही, मान नाही, मुंज करून देण्याचा अधिकार नाही. नाव तेवढे होते.

पुढचा इतिहास वारकऱ्याला पाठ आहे. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. मुले पैठणला गेली, शुद्धिपत्रासाठी धर्मसभेपुढे उभी राहिली. त्यांत सर्वांत लहान मुक्ता होती. आम्ही कोण, आम्हाला धर्मात जागा आहे की नाही, हा प्रश्न घेऊन चार पोरकी मुले मोठ्या माणसांसमोर उभी आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. याच प्रश्नाशी पुढे आपल्याला परत यायचे आहे.

धाकटीला ‘आई’ का म्हणतात?

मुक्ता या नावाला ‘आई’ जोडले गेले, याचा थोडा विचार करू. यादवकाळात स्त्रियांच्या नावापुढे आदरार्थी प्रत्यय लावण्याची रीत होतीच. महानुभावांच्या लीळाचरित्रात आबाइसा, उमाइसा, महदाइसा अशी नावे भेटतात. त्यातला ‘आइसा’ आणि आपला ‘आई’ हे एकाच गोतातले. म्हणून मुक्ताई, जनाई ही रूपे त्या काळाला धरूनच आहेत. पण वारकऱ्यांनी त्या प्रत्ययात नुसता आदर ठेवला नाही, खरी आई ठेवली. ज्ञानदेव पुरुष असून माउली झाले. मुक्ता धाकटी असून आई झाली.

याला कारण आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून समजूत घातली ती मुक्ताईने. त्या प्रसंगाचे ताटीचे अभंग आपण म्हणतो. त्यांत ती रडत नाही, रागावत नाही. संताने जगाचा राग कसा पोटात घालावा, हे ती थोरल्या भावाला शिकवते. ज्या ज्ञानदेवांनी पुढे गीतेचे मर्म मराठीत सांगितले, त्यांना त्या दिवशी दार उघडायला लावणारी ही धाकटी बहीण होती. ताटी उघडली म्हणून आपल्याला ज्ञानेश्वरी मिळाली, असे मी कीर्तनात म्हणत असे आणि अजूनही म्हणतो. आतला माणूस मोकळा झाला. मुक्ता या नावाचे पहिले काम ते.

दुसरा प्रसंग गोरोबाकाकांच्या घरचा. संतमेळा जमलेला. मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून काकांना विचारले की हे काय? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते याने कळते. मग मुक्ताईच्याच सांगण्यावरून काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे चालवले. नामदेवराय तेवढे रागावले, आणि मडके कच्चे ठरले. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले. देवाशी बोलणाऱ्या नामदेवांना गुरूच्या दारात नेले ते एका मुलीच्या भाबड्या वाटणाऱ्या प्रश्नाने.

तिसरा प्रसंग चांगदेवांचा. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला सिद्ध, अशी त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले, कारण मायना काय लिहावा ते कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? ते पत्र पाहून मुक्ताई म्हणाली की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. आणि चांगदेवांनी गुरू कोणाला केले? मुक्ताईला. शेकडो वर्षांच्या शिष्याची गुरू कोवळ्या वयाची मुलगी.

मुंगीने सूर्य गिळल्याचे तिचे कूट प्रसिद्ध आहे. त्याचा योगपर अर्थ आहे, तो अभ्यासकांनी सांगितला आहेच. मला त्यात तिची स्वतःची कथाही दिसते. लहान होती, मुलगी होती, पोरकी होती, वाळीत होती. आणि सूर्य पोटात घेऊन उभी होती.

शके १२१८ च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. मार्गशीर्षात सोपानदेवांनी सासवडला. शके १२१९ च्या वैशाख वद्य द्वादशीला तापीतीरी मेहूणजवळ वीज कडाडली आणि मुक्ताबाई त्या तेजात नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. वय अठराच्या आतबाहेर. पाठोपाठ ज्येष्ठात निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. तिन्ही भावांचा देह मातीत ठेवला गेला, मुक्ताई मात्र विजेत मिळाली. शेवटच्या क्षणीही तिने नाव खरे केले.

नाव पुढे चालले

संत होऊन गेला की त्याचे नाव लोकांच्या घरात शिरते. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात मुक्ताबाई हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालले. मुलींवर थांबले नाही. मुलांचीही मुक्ताराम, मुक्ताजी अशी नावे झाली. जुने एदलाबाद गाव आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. गावाने मुलीचे नाव घ्यावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. तिथून मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते, बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत महिनाभराहून अधिक चालते आणि पंढरीस पोहोचते. बीड मुक्कामी आजोबा गोविंदपंतांच्या समाधीची भेट होते. त्या पालखीबरोबर चाललेल्या बायकांना विचारा. बहीण माहेरी निघाली आहे, असेच त्या सांगतात.

पण नाव मिळाले म्हणजे नावाचा अर्थ मिळतोच असे नाही. इतिहासातल्या दोन मुक्तांची गोष्ट सांगतो.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांना एकुलती एक मुलगी होती. तिचे नाव मुक्ताबाई. यशवंतराव फणसे यांच्याशी तिचे लग्न झाले. मुलगा नथ्याबा तरुणपणीच गेला. १७९१ साली यशवंतरावही गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. आईने परोपरीने विनवले. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीला पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून थांबवले होते. ती सून पुढे राज्य सांभाळती झाली, सबंध देशात घाट, देवळे, धर्मशाळा बांधती झाली. पण तिचे शब्द लेकीला थांबवू शकले नाहीत. महेश्वरी नर्मदेच्या काठी मुक्ताबाईने देह अग्नीत दिला. आई काठावर उभी होती. पुढे चार वर्षांत, १७९५ च्या ऑगस्टमध्ये, अहिल्याबाईही गेल्या.

इथे मुक्ताबाईच्या धैर्याचे गुणगान करण्याचा मोह होतो. जुन्या आख्यानकारांनी तसे केलेही. माझे मन तिथे जात नाही. पाळण्यात ‘सुटलेली’ असे नाव घेतलेल्या मुलीला रूढीने असे बांधून ठेवले होते की राज्य चालवणारी आईही ती गाठ सोडवू शकली नाही. मोत्यासारखी जपलेली लेक, पण मोकळी नव्हती.

दुसरी मुक्ता पुण्याची. मुक्ता साळवे. मातंग समाजातली मुलगी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकली. १८५५ साली, चौदाएक वर्षांची असताना, तिने एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. विषय होता मांग आणि महार यांचे दुःख. त्यात तिने सरळ विचारले आहे की वेद आमचे नाहीत, पोथ्या आम्हाला बघायच्या नाहीत, मग आमचा धर्म कोणता ते देवाने तरी सांगावे. आणि आपल्या लोकांना तिने सांगितले की तुम्ही आजारी आहात, ज्ञान हे त्यावरचे औषध आहे, ते घ्या.

सज्जनहो, पैठणच्या धर्मसभेपुढे चार मुले उभी होती ते आठवा. आम्हाला धर्मात जागा आहे की नाही, हा तोच प्रश्न. साडेपाचशे वर्षांनी तो पुन्हा विचारला गेला, आणि विचारणारीचे नाव पुन्हा मुक्ता. हा योगायोग असेल. वारकऱ्याने मात्र तो नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ नये. शुद्धिपत्र मागणाऱ्या मुलांच्या पालखीपुढे आपण आज लोटांगण घालतो. मग दुसऱ्या मुक्ताचा प्रश्न ऐकताना आपले कान बंद असून चालणार नाहीत. चोखोबा आणि सोयराबाई यांचे अभंग गाणाऱ्या संप्रदायाला तर मुळीच नाही.

मोत्याची पेटी

आता पुन्हा त्या दोन अर्थांकडे येऊ. जगात मुलींना मोत्यावरून नावे ठेवण्याची चाल फार ठिकाणी आहे. ग्रीक भाषेत मोत्याला जो शब्द आहे त्यावरून मार्गारेट हे नाव झाले. भगिनी निवेदिता यांचे मूळ नाव मार्गारेट. म्हणजे विवेकानंदांकडे आलेली ती मुलगीही नावाने मोतीच होती. १८९८ साली तिला निवेदिता हे नाव मिळाले, म्हणजे देवाला वाहिलेली. मोत्याला सुतात ओवले तर दागिना होतो आणि देवाला वाहिले तर पूजा होते.

लेक म्हणजे मोती, हे म्हणायला आपल्याला आवडते. त्यात प्रेम आहे, ते मी नाकारत नाही. पण मोत्याचे आपण काय करतो? भोक पाडतो, सुतात ओवतो, नथीत बसवतो, पेटीत ठेवतो आणि पेटीला कुलूप लावतो. मोती किमती असतो तो दुसऱ्यासाठी. त्याला स्वतःला कुठे जायचे नसते. मोकळी हा अर्थ मात्र आपण विसरतो. उलट लेकीला फार मोकळी सोडू नये, असेच घरोघर म्हटले जाते. ज्या घरात मुक्ता हे नाव आहे त्या घरातसुद्धा.

मुक्ताईकडे पाहा. तिला कोणी पेटीत ठेवले होते का? पायी पैठणला गेली, नेवाशाला गेली, पंढरीला गेली. भावाला समजावले, सिद्धाला उपदेश केला. तिच्या भावांनी तिला मागे उभे केले नाही. निवृत्तिनाथ तिचे गुरू होते, पण ती बोलू लागली की तेही ऐकत. म्हणूनच ती मोती झाली. मोकळी होती म्हणून मोती झाली, असा त्या नावाचा क्रम लावायला हवा.

कोणी विचारील, महाराज, वारकऱ्याला तर मुक्ती नकोच असते. आपण सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चारी मुक्ती बाजूला सारतो, पुन्हा जन्म मागतो, संतसंग मागतो. मग मुक्ता या नावाचा एवढा मोठेपणा का? प्रश्न चांगला आहे. मला वाटते उत्तर व्याकरणातच आहे. मुक्ती हे मिळवायच्या वस्तूचे नाव आहे. ती पुढे कधीतरी, मेल्यावर मिळायची. मुक्ता हे चालत्या-बोलत्या माणसाचे विशेषण आहे. ती आज, इथे, ताटीबाहेर उभी आहे. मांडे भाजते, हसते, प्रश्न विचारते. वारकरी मोक्षाची गाठोडी मागत नाही, पण मनाने मोकळा झालेला माणूस त्याला हवाच असतो. मत्सर नाही, भय नाही, कोण थोर आणि कोण लहान याचा हिशेब नाही. त्या अवस्थेचे नाव मुक्ता.

नकोशी

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगतो. आपल्याच महाराष्ट्रात मुलींना ठेवलेले आणखी एक नाव आहे. नकोशी. कुठे नकुशा म्हणतात, कुठे नकुशी. दोन-तीन मुलींवर आणखी मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकोशी’ म्हणून हाक ऐकायची आणि ‘हजर’ म्हणायचे, असे त्या मुली जगत होत्या. कल्पना करा. आपण म्हणतो नामात शक्ती आहे. मग या नावातही असणारच. रोज उच्चारलेल्या नावाचा जप होतो. त्या मुलींवर कोणता जप चालला होता?

एका गावी सप्ताहात मी होतो. काल्याच्या आदल्या दिवशी एका माळकरी घरी बारसे होते. तिसरी मुलगी. आजीच्या गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि तोंडात तेच नाव. मला नाव सुचवायला बोलावले होते, पण ते बोलावणे रीतीपुरतेच होते. मी आजीला विचारले, “माउली, वारीला जाता का?” म्हणाल्या, “बावीस वर्षे.” मी विचारले, “विठ्ठल तुम्हाला कधी नकोशी म्हणाला का?” त्या काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनीच आत्याला जवळ बोलावले आणि तिच्या कानात काही सांगितले. आत्याने बाळाच्या कानात सांगितले तेव्हा सगळ्यांना ऐकू आले. मुक्ता. मी ते नाव सुचवले नव्हते.

आता जाणत्या लोकांत हे नाव पुन्हा दिसू लागले आहे, ‘बाई’ गळून नुसते मुक्ता. नाटक-सिनेमातही ते आले. १९९४ साली डॉक्टर जब्बार पटेल यांचा ‘मुक्ता’ हा मराठी चित्रपट आला. चांगलेच आहे. पण नुसती फॅशन म्हणून ठेवले तर दहा-वीस वर्षांत दुसरे नाव येईल आणि हे मागे पडेल. नाव ठेवताना त्याचा अर्थही ठेवावा लागतो. मुलीचे नाव मुक्ता ठेवायचे आणि दहावीनंतर शाळा बंद करायची, हे चालणार नाही. नाव मुक्ता ठेवायचे आणि तिच्या लग्नात हुंडा मोजायचा, हेही चालणार नाही. तो अपराध नुसता मुलीशी नाही. ज्या नावाने आपण तापीकाठी नारळ वाढवतो त्या नावाशी आहे.

म्हणून वारकरी बंधू-भगिनींना माझी विनंती एवढीच. या वर्षी तुमच्या फडात, दिंडीत, गावात, नात्यात कोणाच्या घरी लेक झाली तर बारशाला जा. नाव काय ठेवता ते विचारा, आणि त्याचा अर्थ आजी-आजोबांना बसून सांगा. ते नाव मुक्ता असो, जनी असो, सोयरा असो, बहिणा असो, की नव्या रीतीचे काही असो. आणि कुठे अजून कोणी नकोशी असेल, तर दिंडी पुढच्या मुक्कामाला निघण्याआधी तिचे नाव बदलून घ्या. शाळेच्या दाखल्यावर बदलून घ्या, हजेरीपटावर बदलून घ्या. त्याला खर्च फार येत नाही. पण त्या मुलीला उद्यापासून जी हाक ऐकू येईल, ती देवाच्या कानावरही जाईल.

रामकृष्ण हरी.